पाणी दळतं, वारा उपसतो

मुलांनो, आज सुरुवात कोड्यांनी करू या. उत्तरं लगेच खाली पाहायची नाहीत हं!

पहिलं कोडं: चार हात आहेत, पण एकही वस्तू धरता येत नाही. दिवसभर गरगर फिरतो, पण जागेवरून इंचभरही हलत नाही. डोक्यावर टोपी आहे, ती वारा असेल तिकडे वळवावी लागते. कोण?

दुसरं कोडं: डोंगरातून निघतं, जमिनीखालून मुकाट्यानं चालत येतं, भिंतीवर चढतं, तिथून उडी मारतं आणि गोणीभर धान्य दळून देतं. मजुरी मात्र एक पैसाही मागत नाही. काय?

पहिल्याचं उत्तर बहुतेकांना आलं असेल: पवनचक्की. दुसऱ्याचं उत्तर कन्नडच्या आणि आसपासच्या मुलांना तरी यायलाच हवं! कारण ते कन्नडपासून जेमतेम साठ किलोमीटरवर आहे, छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत. तिथली पाणचक्की आणि तिच्यात येणारं पाणी.

आज आपण या दोघींना भेटणार आहोत. एक सातासमुद्रापलीकडची, दुसरी आपल्या घरची. दोघी बहिणी आहेत असं म्हटलं तरी चालेल. फक्त एकीचा स्वभाव दुसरीच्या अगदी उलटा आहे. तो कसा, ते पाहू.

एकोणीस टोपीवाल्या

युरोपात राइन नावाची मोठी नदी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावते, जर्मनीतून वाहते आणि नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंडही म्हणतो, त्या देशात शिरून समुद्राला मिळते. या नदीवर प्रवाशांच्या लांबलचक बोटी चालतात. बोट कसली, तरंगतं हॉटेलच म्हणा ना! आतच झोपायच्या खोल्या, आतच जेवण. रात्री बोट पुढे जाते, सकाळी एखाद्या गावाला लागते, प्रवासी उतरून गाव पाहून येतात. आता आपल्याकडचे आजी-आजोबाही अशा सहलींना जाऊ लागले आहेत. तुमच्या ओळखीचं कुणी जाऊन आलं असेल, तर त्यांच्या फोटोंत एक गाव शोधा: किंडरडाइक. रॉटरडॅम शहरापासून ते फार लांब नाही. यातल्या बऱ्याच बोटी तिथे थांबतात.

किंडरडाइकला कालव्याच्या काठाने १९ जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत. बहुतेक १७३८ ते १७४० या काळात बांधलेल्या. आठ विटांच्या, गोल, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या, आपल्याकडच्या छपरासारख्या. पात्यांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस मीटरहून जास्त. पाती फिरताना जमिनीच्या इतकी जवळून जातात, की पुढे उभं राहायची सोय नाही. १९९७ मध्ये युनेस्कोने या गावच्या पवनचक्क्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. म्हणजे आपली वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या यादीत १९८३ पासून आहेत, त्याच यादीत या चक्क्याही आहेत.

आता सांगा, या १९ चक्क्या काय दळत असतील? गहू? मका?

छे! त्या काहीच दळत नव्हत्या. त्या पाणी उपसत होत्या!

नेदरलँड्सची साधारण चौथा हिस्सा जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. एखाद्या परातीसारखी. परातीच्या कडा म्हणजे मातीचे बांध. पाऊस पडला की पाणी परातीत साचणार, आणि बाहेर वाहून जाणार नाही, कारण बाहेरची नदीच उंचावर! शिवाय तिथली माती स्पंजासारखी. तिच्यातलं पाणी काढलं की ती आणखी खाली बसते. म्हणजे जितकं उपसाल तितकं पुन्हा उपसायला लागणार. असं शतकानुशतकं चाललं आहे.

मग हे पाणी कसं काढायचं? तर वाऱ्याकडून. पाती फिरली की वर टोपीत एक लाकडी दातेरी चाक फिरतं. ते एका उभ्या दांड्याला फिरवतं. दांड्याच्या खालच्या टोकाला आणखी दातेरी चाकं, आणि ती फिरवतात एक मोठं फळ्यांचं चाक. या फळ्या पाणी ढकलत ढकलत वर चढवतात. एक चाक पाणी जेमतेम दीड-दोन मीटर उचलतं. मग एवढ्याने भागतं का? नाही. म्हणून तर एकीच्या शेजारी दुसरी, दुसरीच्या शेजारी तिसरी! सगळ्यांनी मिळून पाणी वरच्या तळ्यात आणायचं आणि नदीची पातळी उतरली की दारं उघडून नदीत सोडून द्यायचं.

चक्कीवाल्याचं कुटुंब चक्कीतच राहायचं. खाली स्वयंपाक, वर झोपणं, आणि डोक्यावर चाकांची घरघर. वारा रात्री दोन वाजता सुटला तर रात्री दोन वाजता उठायचं. पात्यांच्या जाळीवर कापड पसरायचं, अगदी जहाजाच्या शिडासारखं. वारा फार झाला की कापड गुंडाळायचं. वाऱ्याने दिशा बदलली की टोपी फिरवायची.

आणि या पात्यांची एक भाषाही होती बरं का! चक्की बंद करताना पाती कशी उभी ठेवली आहेत यावरून गावाला बातमी कळायची. वरचं पातं सगळ्यांत उंच जागेला पोचण्याच्या थोडं अलीकडे थांबवलं असेल तर घरात आनंदाची गोष्ट आहे: बारसं, लग्न. उंच जागा ओलांडून थोडं पलीकडे थांबवलं असेल तर घरात दुःख आहे. फोन नव्हते त्या काळात दोन-दोन कोसांवरून लोक हे वाचायचे.

‘किंडरडाइक’ या नावाचा अर्थ ‘मुलांचा बांध’. याची एक दंतकथा सांगतात. १४२१ च्या नोव्हेंबर महिन्यात तिकडे भयंकर पूर आला. वादळ शमल्यावर लोक बांधावर आले, तर पाण्यावर एक लाकडी पाळणा तरंगत येताना दिसला. पाळण्यावर एक मांजर! पाळणा एका बाजूला कलला की मांजर दुसऱ्या बाजूला उडी मारायचं, तिकडे कलला की पुन्हा इकडे. असा तोल सांभाळत पाळणा बांधाला लागला. आत पाहतात तो काय, एक तान्हं बाळ शांत झोपलेलं! पूर खराच आला होता. मांजराची गोष्ट मात्र गोष्टच आहे. पण ज्या देशात पाणी रोज दाराशी उभं असतं, तिथली माणसं मुलांना अशीच गोष्ट सांगणार, नाही का?

वलंदेजांची लाकडं

पवनचक्की फक्त पाणी उपसते असं मात्र समजू नका. ॲमस्टरडॅमजवळच्या झान नदीकाठी शेकडो चक्क्या होत्या. कुणी तेल गाळायची, कुणी मोहरी दळायची, कुणी रंगाचे दगड कुटून भुकटी करायची. आणि काही चक्क्या चक्क लाकूड कापायच्या. १५९४ च्या सुमारास कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नावाच्या माणसाने युक्ती काढली: गोल फिरणाऱ्या दांड्याला एक वाकडा कोपरा काढला, की त्याला जोडलेली करवत वर-खाली व्हायला लागते. शिवणयंत्राचं चाक गोल फिरतं आणि सुई वर-खाली होते ना, तसंच काहीसं.

करवती वाऱ्यावर चालू लागल्या, फळ्या भराभर निघू लागल्या, भराभर जहाजं तयार होऊ लागली. १६०२ मध्ये डचांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि ती जहाजं थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत आली. सतराव्या शतकात त्यांनी कोकणात वेंगुर्ल्याला वखार बांधली. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. आपल्या जुन्या मराठी कागदांत डचांना ‘वलंदेज’ म्हटलेलं आहे. इतिहासाच्या पुस्तकात हा शब्द दिसला तर त्या वाऱ्यावर चालणाऱ्या करवती आठवा.

मग आपल्याकडे पवनचक्की का नव्हती?

चांगला प्रश्न आहे. आपल्याकडे वारा नाही का? आहे की! आषाढात औट्रम घाटाच्या माथ्यावर छत्री उघडून पाहा. छत्री उलटी होऊन हातात फक्त काड्या राहतील.

पण आपला वारा ठरावीक महिन्यांचा. जून ते सप्टेंबर धो धो, आणि नंतर बराच काळ मंद. दळण तर रोजच लागतं, शिवाय धान्य घरात येतं ते सुगीत, पावसाळा संपल्यावर. हॉलंडमध्ये समुद्रावरून बारा महिने वारा येतो. पाणीही बारा महिने उपसावं लागतं. तिथे वाऱ्याचं जमलं.

आपल्याकडे दुसरी गोष्ट होती, ती म्हणजे डोंगर. डोंगर असला की उतार असतो. उतार असला की पाणी खाली धावतं. आणि धावणाऱ्या पाण्याकडून काम करून घेता येतं!

आता आपल्या पाणचक्कीकडे

कन्नडहून निघालं की वाटेत वेरूळ लागतं, मग देवगिरीचा म्हणजे दौलताबादचा किल्ला, आणि मग शहर. हे शहर वसवलं मलिक अंबरने, १६१० मध्ये. तेव्हा त्याचं नाव खडकी. मलिक अंबर जन्माने आफ्रिकेतला, इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने शहर तर वसवलं, पण शहराला पाणी? खाम नदी लहान. तेव्हा त्याने डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून गावात आणलं. त्या कालव्याला ‘नहर-ए-अंबरी’ म्हणतात. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, पण त्याने घालून दिलेली पद्धत राहिली. त्याच्यामागून याच तऱ्हेच्या आणखी नहरी शहरात आल्या.

पाणचक्कीची नहर त्यांतलीच एक. पाणचक्की आहे बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात. बाबा मूळचे मध्य आशियातले, बुखारा शहराजवळच्या घिजदुवानचे. त्यांच्याकडे फकीर येत, विद्यार्थी येत, वाटसरू येत. इतक्या माणसांच्या रोट्यांचं पीठ कुठून आणायचं? सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे हळूहळू बांधकामं होत गेली. तुर्कताज खान या सरदाराने मुख्य इमारती उभ्या केल्या. जमील बेग खानाने समोरचा लांबरुंद हौद बांधला.

या हौदाची एक गंमत आहे. तुम्ही वर उभे राहून मासे पाहत असता, तेव्हा हौदाच्या तळाखाली एक मोठं दालन असतं! हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत. डोक्यावर एवढं पाणी, त्यामुळे उन्हाळ्यातही आत गारवा. त्या काळचा एअर कूलरच म्हणा.

पाणी येतं सुमारे आठ किलोमीटरवरून, मातीच्या पक्क्या भाजलेल्या नळांतून, जमिनीखालून. आवारात आल्यावर ते एका उंच भिंतीवर चढतं आणि वरून धबधब्यासारखं कोसळतं. पाहणारे दरवेळी विचारतात, ‘मोटर कुठे बसवलीय?’ मोटर नाहीच! मग पाणी वर चढतं कसं?

याचं उत्तर तुमच्या गल्लीत चालू असलेल्या बांधकामावर मिळेल. गवंडीकाका पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीची लेव्हल काढतात, पाहिलंय? नळी मध्ये कितीही लोंबू द्या, दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर राहतं. पाणचक्कीची नहर म्हणजे आठ किलोमीटर लांबीची लेव्हलची नळीच. तिचं एक टोक डोंगरातल्या उगमाजवळ, उंचावर. दुसरं टोक भिंतीच्या माथ्यावर, उगमापेक्षा थोडं खाली. पाणी आपल्या मूळ उंचीच्या जवळ जाऊ पाहतं आणि भिंत चढतं. सगळी हुशारी आहे ती उंची मोजण्यात. तीनशे वर्षांपूर्वी, खडकाळ मुलखात, आठ किलोमीटरपर्यंत उताराचा हिशेब चुकू द्यायचा नाही, ही काही खायची गोष्ट नाही!

मग हे पाणी चक्कीखालच्या चाकावर जोरात आदळतं. हे चाक पवनचक्कीच्या पात्यांसारखं उभं नसतं, आडवं असतं, भिरभिऱ्यासारखं जमिनीला समांतर. त्याच्या मधोमध उभा दांडा, आणि दांड्याच्या वरच्या टोकाला थेट जात्याची वरची तळी. चाक एकदा फिरलं की दगडही एकदाच फिरतो. मध्ये दातेरी चाकं नाहीत, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही.

अशाच आडव्या चाकाच्या पाणचक्क्या हिमालयात, उत्तराखंड आणि हिमाचलातल्या ओढ्यांवर आजही दिसतात. तिकडे त्यांना ‘घराट’ म्हणतात. आता गंमत ऐका. कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेलात की तिथे जुन्या बायका जात्याला काय म्हणतात? ‘घरोट’! दोन्ही शब्द एकाच संस्कृत शब्दाचे, ‘घरट्ट’चे नातू. घरट्ट म्हणजे दळायचा दगड. हिमालयातलं घराट आणि चाळीसगावकडचं घरोट, एकाच घरची पोरं.

चाकाला खाऊ कोण देतं?

औट्रम घाटाच्या पायथ्याशी, गौताळा अभयारण्याच्या कुशीत, पाटणादेवीचं देऊळ आहे. तिथला एक शिलालेख फार महत्त्वाचा आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ ११५० मध्ये लिहिणारे गणिती भास्कराचार्य यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची हकिकत त्या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांनी एका चाकाचं वर्णन केलं आहे. चाकाच्या पोकळ आऱ्यांत पारा भरायचा. पारा इकडून तिकडे सरकत राहील आणि चाक आपोआप फिरत राहील, अशी कल्पना. पुढे कित्येक शतकं युरोपातले लोकही असं आपोआप फिरणारं चाक बनवायच्या मागे लागले होते. कुणालाच जमलं नाही.

का जमलं नाही? कारण चाकाला खाऊ लागतो! घर्षण सतत चाकाचा जोर खात असतं. बाहेरून नवा जोर मिळाला नाही तर चाक थांबणारच. पाऱ्याचं वजन एका बाजूला जेवढं ओढतं, तेवढंच दुसऱ्या बाजूला अडवतं. हिशेब शेवटी शून्यावर येतो. ही गोष्ट लोकांना नीट कळली ती एकोणिसाव्या शतकात.

म्हणजे कुठलंही चाक फिरताना दिसलं, की विचारायचं: याला खाऊ कोण देतंय?

किंडरडाइकच्या चाकाला वारा देतो. पाणचक्कीला पडणारं पाणी देतं. आणि आजीच्या जात्याला?

आजीचा हात.

तुमच्या आजीला, पणजीला विचारा. पहाटे, अजून काळोख असताना उठायचं. जात्याशी बसायचं. एक हात खुंट्यावर, दुसऱ्याने मूठमूठ दाणे टाकायचे. सगळ्या घराच्या भाकऱ्यांचं पीठ निघेपर्यंत उठायचं नाही. हे रोज. ताप असला तरी रोज. त्या कष्टातून ओव्या जन्मल्या. पलीकडे जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी घरकाम आणि शेतकाम करता करताच गाणी रचली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त जमल्या! ओव्या सुंदर आहेत. पण त्या गाणाऱ्या किती मुलींना शाळेचं तोंड पाहायला मिळालं, हेही आजीला विचारा. जातं फिरवायला हात लागायचे, आणि ते बहुतेक वेळा मुलींचे असायचे.

आता थोडं गणित. वही काढा.

एक धडधाकट माणूस बराच वेळ न थांबता काम करत राहिला, तर साधारण ७५ वॅट इतका जोर लावू शकतो. आता समजा, एका पाणचक्कीत दर सेकंदाला २० लिटर पाणी ५ मीटर उंचीवरून पडतंय. १ लिटर पाणी १ मीटर पडलं तर साधारण १० ज्यूल ऊर्जा मिळते. मग २० गुणिले ५ गुणिले १० बरोबर १०००. म्हणजे १००० वॅट! तेरा माणसांचा जोर. चाकात थोडा वाया जाईल, निम्मा गेला असं धरा, तरी सहा-सात माणसांचं काम झालं. आणि तुमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीला १० हॉर्सपॉवरची मोटर असेल तर? एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. भागाकार तुम्हीच करा. उत्तर शंभराच्या जवळ आलं तर शाबास!

दगड शाबूत, पाणी कुठे?

आता दोन बहिणींचा उलटा स्वभाव लक्षात आला का? किंडरडाइकची चक्की नको असलेलं पाणी बाहेर टाकते. आपली पाणचक्की हवं असलेलं पाणी लांबून बोलावते. एकीला पाणी जास्त झाल्याचं दुःख, दुसरीला कमी पडल्याचं.

कन्नडच्या मुलांना ही दोन्ही दुःखं ठाऊक आहेत. घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. दक्षिणेकडचं पाणी शिवना नदीतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला. उत्तरेकडचं गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या गावांत टँकरपुढे हंड्यांच्या रांगा लागल्या. आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला याच घाटात इतका पाऊस झाला, की दरडी कोसळून रस्ता बंद पडला आणि खाली चाळीसगावात पूर शिरला. डोंगर तोच, लोक तेच. कधी थेंबासाठी रडायचं, कधी लोंढ्यापासून पळायचं.

पाणचक्कीचा दगड अजून शाबूत आहे. चाक शाबूत आहे. पण चाकाला खाऊ देणारं पाणी कमी झालं आहे. अलीकडच्या काळात उन्हाळ्यात तिथला हौद आटल्याच्या बातम्या येतात. जमिनीखालचे नळ जुने झाले, जिथून नहर जाते तिथे वस्ती वाढली, खोदकामं झाली. पाणी मुरायला हवं ते डोंगर उघडे पडले. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला चक्की दिसते, पण चक्कीचा जीव आठ किलोमीटर दूर आहे आणि तो दिसत नाही. जे दिसत नाही, त्याची काळजी कोण घेणार?

हॉलंडच्या लोकांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. तेराव्या शतकापासून तिथे गावोगाव पाणी-मंडळं आहेत. बांधाच्या आत ज्याची जमीन, त्याने बांधाच्या दुरुस्तीत वाटा उचलायचा. माझा बांध फुटला तर शेजारीही बुडणार, हे प्रत्येकाला माहीत. आज पाणी उपसायचं मुख्य काम मोठे पंप करतात, तरी किंडरडाइकच्या चक्क्या चालू स्थितीत ठेवलेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना, तेव्हा याच म्हाताऱ्या चक्क्यांनी पुन्हा पाणी उपसलं! चक्की चालवण्याची तिथली कला युनेस्कोने २०१७ मध्ये वेगळ्या यादीत नोंदवली. म्हणजे त्यांनी दगडविटांच्या जोडीला चक्की चालवणारी माणसंही जपली.

हे परक्यांचं कौतुक म्हणून सांगत नाही. आपल्याकडेही हे होतं. घाटाच्या पलीकडे धुळे-नाशिक भागात ‘फड’ पद्धत होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाण्याची वाटणी शेतकऱ्यांनीच ठरवायची. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसं गावाने नेमायची. पाणी कमी आलं तर सगळ्यांना कमी. कुणाचं शेत पाटाच्या तोंडाशी आहे म्हणून त्याला जास्त नाही. शेकडो वर्षं हे चाललं.

वारा पुन्हा आला

शेवटी एक बातमी, आणि ही आनंदाची आहे. आपल्याकडे पूर्वी पवनचक्क्या नव्हत्या असं म्हटलं ना? आता आहेत! साताऱ्याजवळ चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला आहेत. यांना चार नाही, तीन हात असतात. त्या पाणी उपसत नाहीत की पीठ दळत नाहीत, वीज तयार करतात.

पण ती वीज तारांतून जाते कुठे? शहरात जाते, कारखान्यात जाते, आणि गावातल्या पिठाच्या गिरणीतही जाते. गिरणीचा पट्टा फिरतो, दगड फिरतो, गरम गरम पीठ डब्यात पडतं. त्यातलं थोडं पीठ वाऱ्यानेच दळलेलं असतं. तुम्ही दळणाचा डबा घेऊन रांगेत उभे असाल, तेव्हा हे आठवून पाहा.

करून पाहा

१. दोन मीटर पारदर्शक नळी घ्या. पाणी भरा. हवेचा बुडबुडा आत राहू देऊ नका. दोन मित्रांनी दोन टोकं धरा. एकाने टोक हळूहळू खाली न्या. पाणी कधी सांडतं? त्या टोकाच्या उंचीची दुसऱ्या टोकातल्या पाण्याशी तुलना करा. पाणचक्कीची भिंत तुम्हाला समजली!

२. घरात किंवा शेजारी जातं असेल तर मोठ्यांना विचारून मूठभर ज्वारी दळा. किती मिनिटं लागली आणि हात कधी दुखायला लागला, दोन्ही लिहून ठेवा. मग घरातल्या सगळ्यांना एका वेळच्या भाकऱ्यांना किती मुठी लागतात ते मोजा आणि गुणाकार करा. आलेलं उत्तर आजीला दाखवा. ती काय म्हणते ते आम्हाला कळवा.

३. तुमच्या गावच्या नळाला पाणी कुठून येतं? धरण, विहीर, बोअर? त्या जागेपासून तुमच्या नळापर्यंतचा नकाशा काढा. वाटेत कुठे गळती दिसली तर तिथे लाल खूण करा.

आई-बाबांसाठी दोन ओळी: पाणचक्कीला मुलांना न्याल तेव्हा फोटो काढून लगेच परत फिरू नका. ‘हे पाणी कुठून येतं?’ एवढं एकदा मुलांसमोर तिथल्या जाणत्या माणसाला विचारा. मोठी माणसं विचारतात हे दिसलं, की मुलंही विचारायला शिकतात.

आणि आता जाता जाता पुढच्या आठवड्याचं कोडं: पोटात गाव मावतं, पण वजन काडीइतकं. नद्या आहेत, पण ओलं नाही. रस्ते आहेत, पण धूळ नाही. ओळखा पाहू! उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, आणि पत्त्याखाली आपली इयत्ता लिहायला विसरू नका.